आकाशवाणीच्या धुनेतलं व्हायोलिन: मेहली मेहता आणि इंग्रजी वाद्यवृंदाच्या रेकॉर्डी

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलीची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

कारेगावातून मी बोलतोय, आणि आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा कुठून कुठे गेला! विषय आहे इंग्रजी शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी. म्हणजे इंग्लंडच्या संगीतकारांनी रचलेलं, मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेलं, तबकडीवर उतरवलेलं संगीत. आपल्याकडे एका बाजूला रांजणगावचा महागणपती, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचे भोंगे, मधून पुणे-नगर रस्ता. इथं सिम्फनीचं काय काम?

काम आहे. थोडा धीर धरा. एक गोष्ट आठवा. पहाटे रेडिओ लावला की आकाशवाणी सुरू होण्याआधी एक धून वाजायची. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. आजी-आजोबांच्या पिढीचा दिवसच त्या धुनेनं उजाडायचा. आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याचं व्हायोलिन तुम्ही बहुधा तिथंच पहिल्यांदा ऐकलंय. त्याचं नाव मात्र रेडिओवर कुणी कधी सांगितलं नाही. आजचा सगळा भाग या एका मुद्द्याभोवती आहे: रेकॉर्ड आवाज जपते, पण वाजवणाऱ्याचं नाव जपतेच असं नाही. आणि ते नाव हरवलं की इतिहास कसा चुकीचा दिसायला लागतो, ते बघू.

मुंबईतला निर्वासित आणि मुंबईतला पारशी

ती संकेतधून रचली वॉल्टर काउफमान यांनी. हे ज्यू संगीतकार मध्य युरोपातले, प्रागमध्ये काम केलेले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला, ज्यू लोकांना युरोपात दिवस वाईट यायला लागले, आणि १९३४ मध्ये काउफमान मुंबईला आले. आले ते थोड्या दिवसांसाठी, राहिले बारा वर्षं. आल्यावर त्यांना आपलं संगीत सुरुवातीला कळेना. मग त्यांनी रेकॉर्डी आणून त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या, अभ्यास केला आणि पुढे हिंदुस्थानी रागांवर मोठमोठी पुस्तकं लिहिली. १९३७ पासून ते मुंबई रेडिओ केंद्रावर युरोपीय संगीत विभाग सांभाळत होते. धुनेत शिवरंजनी रागाची छाया आहे, आणि ती रचणारा माणूस प्रागहून आलेला. हे आधी पचवा.

आता व्हायोलिन. मुंबईत आल्या वर्षीच काउफमान यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. थोडे वादक, छोटी मैफल. पियानोवर काउफमान स्वतः, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ आणि व्हायोलिनवर मुंबईचे एक तरुण पारशी, मेहली मेहता. संकेतधुनेतलं व्हायोलिन मेहलींचं आहे असं सांगितलं जातं. 'सांगितलं जातं' असं म्हणावं लागतं, हीच तर गंमत आहे आणि हेच दुखणं. कोट्यवधी लोकांनी, दशकानुदशकं, रोज सकाळी ऐकलेला तुकडा, आणि वादकाचं नाव ऐकीव माहितीवर उभं!

मेहली मेहतांचा जन्म १९०८ चा, मुंबईचा. त्या काळात आपल्याकडे पाश्चात्त्य व्हायोलिन पूर्ण शिकवील अशी संस्था नव्हती. मेहली बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकले. हायफेट्झ या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाला मुंबईत ऐकलं आणि हेच करायचं असं ठरवलं. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. कशातून? तंतुवाद्यांवर काही पारशी, काही गोव्याचे वादक, युरोपातून परागंदा झालेले काही लोक, आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बॅण्डमधली माणसं. थोडक्यात जिथं जो सापडला तो उचलला. पहिली दहा वर्षं मेहली या वाद्यवृंदाचे मुख्य व्हायोलिनवादक होते, नंतरची दहा वर्षं संचालक. घरात सतत तालमी. त्याच घरात १९३६ मध्ये मुलगा जन्मला. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे: झुबिन मेहता.

झुबिन लहानपणी युरोपचे मोठे वाद्यवृंद ऐकत मोठा झाला, पण कसा? वडिलांच्या तबकड्यांवर. १९५४ मध्ये अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला गेला, तेव्हा कुठे तसा वाद्यवृंद त्यानं समोर बसून ऐकला. तोपर्यंत सिम्फनी म्हणजे खरखरणाऱ्या रेकॉर्डीतून येणारा आवाज किंवा बाबांचा ऑर्केस्ट्रा.

चार मिनिटांत सिम्फनी कशी मावणार?

आता जरा तांत्रिक बाजू बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९२५ च्या आधी रेकॉर्ड करायची तर मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असायचा. त्याच्या तोंडाशी वादकांनी दाटीवाटीनं बसायचं आणि वाजवायचं. गाणारा एकटा असला तर ठीक, म्हणून आपल्याकडे १९०२ मध्ये गौहर जानची रेकॉर्ड झाली ती झकास उतरली. पण सत्तर-ऐंशी वादक कर्ण्यासमोर कसे बसवणार? मग वादक कमी करायचे. डबल बेसचा खर्ज कर्ण्याला पकडता यायचा नाही, म्हणून त्याच्या जागी पितळी टुबा वाजवायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं वाद्यवृंद आहे, पण तो वाद्यवृंदाचा सांगाडा असायचा.

तरीही एका इंग्रज संगीतकारानं या यंत्रावर पहिल्यापासून विश्वास टाकला. एडवर्ड एल्गार. १९१४ पासून तो स्वतःच्या रचना स्वतः संचालन करून रेकॉर्ड करत होता. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, विजेवर रेकॉर्डिंग सुरू झालं आणि एल्गारनं महत्त्वाच्या रचना पुन्हा नव्यानं उतरवल्या. नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ सुरू झाला तो एल्गारच्याच हातून. बीटल्स तिथं तीस वर्षांनी आले.

पण मायक्रोफोन आला तरी एक अडचण तशीच राहिली. ७८ फेऱ्यांची मोठी तबकडी एका बाजूला चार-साडेचार मिनिटं चालायची. चाळीस-पन्नास मिनिटांची सिम्फनी ऐकायची तर पाच-सहा तबकड्या, आणि दर चार मिनिटांनी उठून बाजू बदलायची. संगीत ऐन रंगात आलं की खर्र आवाज, थांबा, उलटा, पुन्हा सुई ठेवा. मुंबईतले हौशी रसिक असंच ऐकायचे. शिवाय तबकड्यांचं ते जाड पुस्तकासारखं बाड परवडणारं नव्हतं. लाँग प्ले रेकॉर्ड अमेरिकेत १९४८ ला आली, इंग्लंडमध्ये १९५० ला. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. आता सिम्फनी सलग ऐकता यायला लागली आणि कंपन्यांनी धडाधड नवी ध्वनिमुद्रणं सुरू केली.

याच लाटेत आपले मेहली मेहता इंग्लंडला पोहोचले.

मँचेस्टर, १९५५ नंतर

मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं शहर. आपल्या गिरणगावाचं मोठं भावंडच म्हणा. तिथं हॅले नावाचा वाद्यवृंद आहे, १९५८ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. तो स्थापला कार्ल हॅले यांनी. ते जर्मनीत जन्मले, इंग्लंडमध्ये चार्ल्स झाले. मेहली गेले तेव्हा संचालक होते सर जॉन बार्बिरोली. वडील इटालियन, आई फ्रेंच, जन्म लंडनचा. आणि या वाद्यवृंदात सहायक कॉन्सर्टमास्टर म्हणून, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या रांगेत अगदी पुढे, मुंबईचे मेहली मेहता. सत्तेचाळिशीचा माणूस. मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद वीस वर्षं चालवलेला, आणि इथं येऊन दुसऱ्याच्या हाताखाली व्हायोलिन घेऊन बसला. कारण त्याला रोज, पगार घेऊन, उत्तम वाद्यवृंदात वाजवायचं होतं, आणि मुंबईत ते शक्य नव्हतं.

आता बघा, जर्मनानं स्थापलेला, इटालियन-फ्रेंच रक्ताच्या माणसानं चालवलेला, पुढच्या रांगेत पारशी बसलेला हा वाद्यवृंद. आणि नेमकी याच वर्षांत त्यानं इंग्रजी संगीताची जी ध्वनिमुद्रणं केली, ती आजही लोक शोधून ऐकतात. अमेरिकेच्या मर्क्युरी कंपनीचे तंत्रज्ञ १९५६ मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये आले. हा हॉल १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला होता, पुन्हा बांधून १९५१ मध्ये उघडला होता. मोजके मायक्रोफोन, मोठा हॉल, आणि स्टिरिओ टेप. स्टिरिओ रेकॉर्डी दुकानात यायच्या आधीच या मंडळींनी स्टिरिओत मुद्रण करून ठेवलं. एल्गारची 'एनिग्मा व्हेरिएशन्स' तिथली. पुढच्या वर्षीची व्हॉन विल्यम्सची 'लंडन सिम्फनी'ही याच वाद्यवृंदाची.

पण मला ज्या रेकॉर्डीकडे तुम्हाला न्यायचंय ती वेगळी आहे. राल्फ व्हॉन विल्यम्सची आठवी सिम्फनी.

आठवी सिम्फनी: बॅण्ड वेगळा, व्हायोलिनं वेगळी

व्हॉन विल्यम्स तेव्हा ८३ वर्षांचा होता. ही सिम्फनी त्यानं बार्बिरोलींना अर्पण केली. २ मे १९५६ रोजी हॅलेनं ती पहिल्यांदा वाजवली, आणि पुढच्याच महिन्यात तिचं ध्वनिमुद्रण झालं. शाई वाळायच्या आत म्हणा ना. त्याच्या नऊ सिम्फनींमधली ही सगळ्यात छोटी, अर्ध्या तासाच्या आसपास. ज्यानं कधी सिम्फनी ऐकलेली नाही त्यानं हिच्यापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. कारण हिची रचना एखाद्या शिकवणाऱ्यानं केल्यासारखी आहे.

चार भाग. पहिल्यात सगळा वाद्यवृंद. दुसऱ्या भागात फक्त फुंकवाद्यं: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन. एकही तंतुवाद्य नाही. चाल कवायतीची, पण जरा खट्याळ. आपल्याकडचा बॅण्डवाला हा भाग ऐकून म्हणेल, अरे, ही तर आमची मंडळी! तिसऱ्या भागात उलट: सगळे फुंकणारे गप्प, फक्त तंतुवाद्यं. संथ, लांबलचक श्वासाची चाल, एखाद्या विलंबितासारखी. आणि चौथ्यात घंटा, झायलोफोन, सुरात लावलेले गाँग. सगळी जत्राच.

तिसरा भाग लागेल तेव्हा हेडफोन लावा. पहिली व्हायोलिनं डाव्या हाताला ऐकू येतील. चौदा-सोळा व्हायोलिनं, पण ऐकायला एकच. वाद्यवृंदात चांगला वादक तोच, ज्याचं व्हायोलिन वेगळं ऐकू येत नाही. या रांगेत मेहली मेहता ज्या वर्षांत बसत होते, त्या वर्षांतला हा आवाज आहे. रेकॉर्डीच्या वेष्टणावर नावं तीनच: संगीतकार, संचालक, वाद्यवृंद. जगात कुणीही ती रेकॉर्ड हातात घेतली तर त्याला ते शंभर टक्के इंग्रज संगीत वाटणार. त्या आवाजात मुंबईचा माणूस आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

हे इंग्रजी संगीत तरी कुठून आलं?

आणि हे 'शंभर टक्के इंग्रज' म्हणजे तरी काय? व्हॉन विल्यम्स तरुण होता तेव्हा इंग्लंडची तक्रार अशी होती की आपल्याला आपलं संगीतच नाही, सगळं जर्मनांचं. मग तो गावोगाव फिरायला लागला. डिसेंबर १९०३ मध्ये एसेक्स परगण्यातल्या एका खेड्यात एका म्हाताऱ्या मजुराकडून त्यानं एक लोकगीत ऐकलं आणि लिहून घेतलं. त्या दिवसापासून त्यानं शेकडो गाणी गोळा केली. त्याचा मित्र गुस्ताव होल्स्ट यानंही लोकगीतं घेतली, शिवाय संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटी ऑपेरा लिहिली.

व्हॉन विल्यम्स आधी गाणी कागदावर लिहून घ्यायचा. पर्सी ग्रेंजर नावाच्या दुसऱ्या संगीतकारानं १९०६ मध्ये मेणाच्या नळकांड्याचा फोनोग्राफ खेड्यात नेला. त्यानं बघितलं की गाणारा प्रत्येक कडव्यात चाल थोडी थोडी बदलतो, आणि कागदावर हे बदल पुसले जातात. त्यानं जोसेफ टेलर नावाच्या गायकाला शोधलं आणि १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं टेलरच्या तबकड्या काढल्या. त्यामुळे टेलर कोण, कुठला, हे आज माहीत आहे. बाकी कित्येक जणांच्या चाली सिम्फनीत शिरल्या आणि गाणाऱ्यांची नावं वह्यांमध्ये राहिली.

म्हणजे रेकॉर्डीवरच्या इंग्रजी संगीताच्या तळाशी शेतमजूर आहेत, मधे परदेशातून आलेले वादक आहेत, आणि वेष्टणावर एक सर आणि एक ख्यातनाम संगीतकार.

शिरूरची छावणी, लग्नातला बॅण्ड

आता परत आपल्या भागात येऊ. आपलं शिरूर, म्हणजे घोडनदी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची छावणी होती. कोरेगाव भीमाच्या लढाईला जी तुकडी गेली ती ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. पुढे पुणे आणि खडकीला मोठे कॅन्टोन्मेंट झाले. पलटण आली की बॅण्ड येतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, झांजा ही वाद्यं पलटणीच्या मागून खेड्यापर्यंत आली, आणि इथल्या वाजंत्र्यांनी ती आपली करून टाकली. सनई गेली नाही, पण शेजारी क्लॅरिनेट आलं. वरातीत क्लॅरिनेटवाला ज्या हरकती घेतो त्या कुठल्याही इंग्रजी पुस्तकात नाहीत.

मजा म्हणजे व्हॉन विल्यम्सनंही लष्करी बॅण्डसाठी लिहिलंय. १९२३ ची 'इंग्लिश फोक साँग सूट'. गावातली गाणी, पलटणीचा बॅण्ड. जगभरच्या बॅण्डांनी ती वाजवली.

एक इंग्रजी सूर तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलाय. 'अबाइड विथ मी'. शब्द हेन्री लाइट यांचे, १८४७ चे. चाल विल्यम मंक यांची, १८६१ ची. गांधीजींचं आवडतं भजन, म्हणून दर २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला वाजायचं. २०२२ पासून ते काढलं आणि त्या वेळी 'ऐ मेरे वतन के लोगो' घेतलं. काढावं की ठेवावं यावर बरीच चर्चा झाली, त्यात मी पडत नाही. मला एवढंच सांगायचंय की नव्या सुराचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. बॅण्ड तोच, ट्रम्पेट तेच, सूर मँचेस्टरच्या बाजूनं पुणतांब्याच्या बाजूला सरकला.

स्टुडिओतले गोवेकर

सी. रामचंद्रांचं नाव निघालंय तर मुंबईच्या स्टुडिओंकडे बघू. मेहली मेहता इंग्लंडला गेले, पण मुंबईतले बाकीचे वादक कुठे गेले? सिनेमात. हिंदी आणि मराठी गाण्यांमागची ती व्हायोलिनांची लाट, तो ट्रम्पेटचा तुकडा, हे वाजवणारे खूप जण गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवायचे. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखा अरेंजर रातोरात पन्नास वादकांसाठी पानं लिहून काढायचा. हे काम झालं नसतं तर शंकर-जयकिशनचा आवाज आपल्याला ठाऊक आहे तसा झाला नसता. कधीकधी तर थेट सिम्फनीच गाण्यात यायची: १९६१ च्या 'छाया'मध्ये सलिल चौधरींनी मोझार्टच्या चाळीसाव्या सिम्फनीवरून केलेलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' ऐका. कारेगावच्या हॉटेलातल्या रेडिओवर मोझार्ट असा आला होता!

तबकडीवर नावं कुणाची? गायक, संगीतकार, गीतकार, सिनेमा. अरेंजरचं नाही, वादकाचं तर नाहीच.

अँथनी गोन्साल्विस हे नाव ऐकल्यावर तुम्हाला अमिताभ आठवणार. पण तो माणूस खरा होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, १९२७ चा जन्म, व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालजींचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभराहून जास्त वादकांचा वाद्यवृंद उभा केला, रागांवर सिम्फनीसारख्या रचना केल्या, आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. म्हणजे तिकडे हॅलेला शंभर वर्षं होत होती त्याच वर्षी इकडे हा प्रयोग चालू होता. तो फार काळ टिकला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, परतले ते गोव्यात. २०१२ मध्ये वारले. शिष्यानं १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात गुरूचं नाव घातलं आणि सगळ्या देशाला ते पाठ झालं. त्यांनी आयुष्यभर जे वाजवलं, त्यावर मात्र त्यांचं नाव छापलं गेलं नव्हतं.

नाव लिहून ठेवणारी रेकॉर्ड

असं वाटेल की तंत्रच तसं आहे, वेष्टणावर शंभर नावं कशी छापणार? पण दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ, दोघं पुण्याचे अभ्यासक. पॉइतवँ मूळचे फ्रान्सचे. त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. हाताशी ना स्टुडिओ, ना रेकॉर्ड कंपनी. गाणाऱ्या बायका शेतात राबणाऱ्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. आता हा संग्रह 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. आपल्या शिरूर तालुक्यातल्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत, सविंदण्याच्या आहेत.

त्या पानावर जाऊन बघा. ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे. गाव आहे, तालुका आहे. बऱ्याच जणींची जात, मुलंबाळं, काय काम करते, तेही लिहिलेलं. जिचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलं नाही, तिचं नाव तिच्या आवाजाशेजारी कायमचं आहे. मँचेस्टरच्या त्या मोठ्या कंपनीच्या रेकॉर्डीला जे सुचलं नाही ते इथं झालं. कारण गोळा करणाऱ्यांना चाल जेवढी महत्त्वाची, तेवढीच गाणारी महत्त्वाची वाटत होती.

मेहलींचं पुढे काय झालं

मेहली १९५९ च्या सुमारास अमेरिकेला गेले. आधी फिलाडेल्फियात, कर्टिस क्वार्टेटमध्ये. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला. तिथं विद्यापीठात वाद्यवृंद शिकवला, आणि अमेरिकन यूथ सिम्फनी नावाचा तरुणांचा वाद्यवृंद स्थापून तो तेहतीस वर्षं चालवला. २००२ मध्ये, ९४ व्या वर्षी, तिथंच वारले. त्यांच्या हाताखालून गेलेली शेकडो पोरं आज अमेरिकेच्या वाद्यवृंदांत आहेत.

आणि मुलगा? झुबिन तेव्हा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संचालक होता. १९७१ मध्ये त्यानं होल्स्टच्या 'प्लॅनेट्स'चं ध्वनिमुद्रण केलं. तोच ऋग्वेदवाला होल्स्ट. ही रेकॉर्ड जगभर गाजली, आणि आवाजाची यंत्रं तपासायला दुकानदार तीच लावायचे. ध्वनिमुद्रण झालं रॉइस हॉलमध्ये, ज्या विद्यापीठात बाबा शिकवत होते त्याच आवारात. या वेष्टणावर मेहता हे नाव मोठ्या अक्षरात आहे. वडील पंधरा वर्षांपूर्वी इंग्रजी संगीतात बिननावाचे मिसळले होते, मुलगा नावानिशी आला. इंग्रजी संगीताच्या रेकॉर्डींच्या इतिहासात भारत शोधायला गेलात तर झुबिन लगेच सापडेल. मेहलींसाठी त्या वर्षांचा हॅलेचा आवाज ऐकावा लागतो.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं: बार्बिरोली आणि हॅलेची १९५६ ची व्हॉन विल्यम्सची आठवी सिम्फनी शोधा. दुसरा भाग ऐका, मग तिसरा ऐका. सात-आठ मिनिटं कंटाळा आला तरी उठू नका.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आपल्या भागात घरोघरी लग्नाच्या, हरिनाम सप्ताहाच्या, भजनाच्या, तमाशाच्या जुन्या कॅसेटी पडल्यात. काहींचे व्हिडिओही आहेत. त्यात क्लॅरिनेट कोण वाजवतोय, पखवाज कुणाचा, पेटीवर कोण बसलंय, हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील. कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतलीत तर फाइलच्या नावात गाव, साल आणि वाजवणाऱ्यांची नावं टाका. कॅसेटच्या डबीवर पेनानं लिहिलंत तरी चालेल. ज्यांना विचारायचंय त्यांना या रविवारीच जाऊन विचारा.

पुढच्या भागात बॅण्डवाल्यांकडेच जाणार आहोत. शिरूर-दौंड पट्ट्यातले जुने बॅण्डमास्तर कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांची परवानगी घेऊन आम्हाला जरूर कळवा. भेटू मग. नमस्कार.